तारेचा पीळ आणि ब्रेकचा बोल्ट

शर्यतीच्या मोटारीचे चाक उतरवले की ब्रेकच्या तबकडीवर अनेकदा एक वेगळी गोष्ट दिसते. तबकडीच्या मध्यभागी गोलाकार बसवलेल्या बोल्टांच्या डोक्यांना बारीक भोके पाडलेली असतात आणि त्यांतून पीळ दिलेली स्टेनलेस स्टीलची तार एका बोल्टापासून दुसऱ्यापर्यंत ओवलेली असते. हिला ‘सेफ्टी वायर’ म्हणतात. विमानांच्या देखभालीत ही पद्धत जुनी आहे. जेमतेम ०.८ मिलिमीटर जाडीची ही तार काय करते आणि काय करत नाही, हे समजून घेणे साधी गाडी चालवणाऱ्यांच्याही फायद्याचे आहे.

रोजच्या मोटारीत ब्रेकची तबकडी सहसा बिडाची आणि एकसंध असते. वेगवान गाड्यांत वजन कमी करण्यासाठी ती दोन भागांत बनवतात. बाहेरचे कडे बिडाचे असते, मधली टोपी ॲल्युमिनियमची असते आणि दोन्ही बोल्टांनी जोडलेली असतात. ब्रेक दाबल्यावर पॅड बाहेरच्या कड्याला पकडतात. त्यांचा जोर चाकापर्यंत पोहोचतो तो या बोल्टांमधूनच. ते सगळे निसटले तर पॅड कड्याला धरून ठेवतील, पण चाक मात्र फिरतच राहील.

या जोडावर किती भार येतो ते पाहा. दीड टनाची गाडी ताशी २०० किलोमीटर वेगावरून थांबवताना जी ऊर्जा उष्णतेत बदलते, तिच्यात सुमारे सात लिटर पाणी उकळेल. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. शर्यतीत असे ब्रेक फेरीमागून फेरी लागतात. कडे ५००-६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. त्यातच ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे प्रत्येक ब्रेकला जोडातले दोन धातू एकमेकांवर किंचित सरकू पाहतात.

बोल्ट केवळ आट्यांमुळे धरतो, असा समज आहे. प्रत्यक्षात बोल्ट आवळला की तो केसभर ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा दोन्ही भाग एकमेकांवर दाबून ठेवतो. जोड टिकतो तो या ताणामुळे. जर्मन अभियंता गेरहार्ट युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले की जोडलेले भाग आडवे सरकत राहिले, तर चांगला आवळलेला बोल्टही आपोआप उलटा फिरू लागतो. ब्रेकच्या तबकडीत नेमकी अशीच हालचाल होते.

मग साधे उपाय का चालत नाहीत? आट्यांना लावायचे नेहमीचे चिकटद्रव्य साधारण १५० अंशांपर्यंतच टिकते. नायलॉनचा नट त्याआधीच मऊ पडतो. स्प्रिंग वायसर अशा हादऱ्यांपुढे फारसा उपयोगी ठरत नाही. तारेला मात्र उष्णतेची भीती नाही. ती ओवण्याची दिशा महत्त्वाची असते. एक बोल्ट सैल होण्याच्या दिशेने फिरू लागला, तर तारेने शेजारचा बोल्ट आवळण्याच्या दिशेने ओढला गेला पाहिजे. दर इंचाला साधारण सहा ते आठ पीळ द्यायचे. पीळ कमी पडला तर तार ढिली राहते, जास्त झाला तर धातू कडक होऊन तुटतो. काढलेली तार पुन्हा वापरायची नाही.

आता मुख्य मुद्दा. तार बोल्टाला गळून पडू देत नाही, पण त्याचा ताण टिकवत नाही. बोल्ट थोडासा फिरला, तार किंचित ताणली गेली, की जोडाची पकड आधीच कमी झालेली असते. म्हणून ठरलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळणे हे पहिले काम आणि तार त्यानंतरची. पहिल्या कामातली उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. ऑगस्ट २००७ मध्ये जपानमधील ओकिनावा येथे उतरलेल्या बोइंग ७३७ विमानाच्या पंखातील एक सुटा बोल्ट इंधनाच्या टाकीत घुसला आणि विमान जळून गेले. सुदैवाने सर्व १६५ जण बाहेर पडले. तिथला नट सैल होऊ नये म्हणून त्याला चिकटद्रव्य लावण्याचे काम काही आठवड्यांपूर्वीच झाले होते. मात्र त्या कामात एक वायसर जागेवर राहिला नव्हता.

पीळ दिलेली तार शस्त्रक्रियागृहातही असते. हृदयाच्या बायपासनंतर छातीचे मधले हाड स्टीलच्या तारांनीच आवळतात. रुग्णाला दोन-तीन महिने जड उचलू नका, खोकताना छातीशी उशी धरा, असे सांगतात, कारण तोवर सगळा भार तारांवर असतो. पुढे हाड जुळते आणि तारा नुसत्या राहून जातात. शरीराला ही सोय आहे, धातूला नाही. सैल झालेला बोल्ट स्वतःहून बरा होत नाही. म्हणूनच प्रत्येक शर्यतीपूर्वी कोणीतरी वाकून तार पाहावी लागते. तुटलेली किंवा ढिली तार हे लक्षण आहे. नवी तार ओवून ते झाकायचे नसते, बोल्ट का फिरला ते शोधायचे असते.

हौसेने गाडीला दोन भागांची तबकडी बसवणाऱ्यांनी घरच्या ड्रिलने बोल्टांना भोके पाडू नयेत. चुकीच्या जागी भोक पडले तर डोके कमकुवत होते. भोके पाडलेले तयार बोल्ट मिळतात. तार कापताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा, कारण उडालेला तुकडा बुबुळात रुतू शकतो. तारेचे टोक आत वळवावे, नाहीतर पुढच्या माणसाचे बोट फाटते.

साध्या गाडीला ही तार लागत नाही, नियम मात्र तोच लागू होतो. चाक बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्यावेत. ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरले किंवा चाकातून खडखड ऐकू आली, तर ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ म्हणू नये. छातीत दुखत असताना आपण पुढच्या महिन्याची वाट पाहत नाही, ब्रेकच्या बाबतीतही पाहू नये.