दार उघडण्याआधीची सिद्धता

मध्य रेल्वेचा मार्ग कल्याणहून कर्जतच्या दिशेने वळला की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकामागून एक लागतात. मुंबईला रोज ये-जा करणाऱ्यांच्या वसाहती, घरगुती आकाराचे कारखाने, रासायनिक उद्योग आणि भातशेतीची खेडी या पट्ट्यात एकमेकांना खेटून आहेत. कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची सोय करण्यात आली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीची कोनशिला बसून तिचे उल्हासनगर झाले, आणि तिचे विभाग आजही ‘कॅम्प’ आणि त्यापुढचा आकडा याच नावाने ओळखले जातात. या परिसराचा तातडीच्या उपचारांचा भार मुख्यतः कॅम्प 3 मधील शासकीय मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे डॉ. बी. जी. छाया रुग्णालय आणि बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय यांच्यावर पडतो. त्यांच्या जोडीला राज्यभर 2023 पासून सुरू झालेले ‘आपला दवाखाना’ आणि गल्लोगल्लीची खासगी रुग्णालये आहेत.

वस्तीची घडण जशी असते तसेच तिचे अपघातही असतात. लोकलच्या दारातून पडलेला प्रवासी, जीन्सच्या किंवा फर्निचरच्या कारखान्यात बोट यंत्रात सापडलेला कामगार, आम्लाने हात भाजलेला कंत्राटी मजूर, कुत्रा चावलेले मूल आणि पावसाळ्यात बांधावर सर्पदंश झालेली शेतकरी स्त्री हे सारे एकाच दिवशी एकाच दारात येऊ शकतात. 2014 मध्ये वालधुनी नदीत रसायन सोडले गेल्यावर उल्हासनगरच्या काठावरील रहिवाशांना, आणि जून 2021 मध्ये बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतील वायुगळतीनंतर तिथल्या नागरिकांना श्वास घेणे कठीण झाले, तेव्हा रुग्ण एकेकटे न येता घोळक्याने आले. अशा दारामागे काम करणाऱ्यांना येणारा रुग्ण निवडता येत नाही. आपली तयारी तेवढी त्यांच्या हाती असते.

या तयारीला कायद्याचेही अधिष्ठान आहे. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये असा निर्वाळा दिला की जखमीचा जीव वाचवणे हे शासकीय असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार खोळंबता कामा नयेत. परंतु दार उघडे आहे आणि आत सिलिंडर रिकामा आहे, अशा ठिकाणी हा हक्क कागदावरच राहतो. म्हणून तातडीच्या सेवेची खरी कसोटी रुग्ण येण्याच्या आधी, म्हणजे बाह्यरुग्ण विभाग उघडण्यापूर्वी आणि चोवीस तास चालणाऱ्या अपघात विभागात प्रत्येक पाळी बदलताना, ‘चार्ज’ देण्याघेण्याच्या वेळी लागते. एका पाळीच्या परिचारिकेने दुसऱ्या पाळीच्या परिचारिकेला रुग्ण, औषधे, उपकरणे आणि अपुरी राहिलेली कामे प्रत्यक्ष दाखवून सोपवणे म्हणजे चार्ज देणे होय.

ही पाहणी प्राणवायूपासून सुरू होते, आणि तिथेच तिचे मर्म लक्षात येते. लहान रुग्णालयात सर्रास वापरला जाणारा ‘बी’ प्रकारचा सिलिंडर पूर्ण भरलेला असताना सुमारे 1,500 लिटर वायू देतो, तर मोठा ‘डी’ प्रकारचा सुमारे 7,000 लिटर. भरलेल्या सिलिंडरच्या दाबमापकावर प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे 150 किलोग्रॅम दाब दिसतो, आणि दाब वायूच्या साठ्याच्या प्रमाणात उतरत असल्यामुळे काटा 50 वर आला म्हणजे एक तृतीयांशच साठा उरला, असा हिशेब बांधता येतो. मिनिटाला 5 लिटर दराने प्राणवायू घेणाऱ्या रुग्णाला भरलेला लहान सिलिंडर पाच तास पुरतो; काटा 50 वर असलेला दीड-पावणेदोन तासांत संपतो, आणि गंभीर रुग्णाला मिनिटाला 10 लिटर द्यावे लागले तर तो तासभरही पुरत नाही. म्हणून ‘सिलिंडर आहे’ ही नोंद अपुरी ठरते. तो किती मिनिटे चालेल, हे लिहावे लागते. त्यातही काटा पाहण्यासाठी चावीने झडप उघडावीच लागते, कारण बंद सिलिंडरचा काटा शून्यावर असतो किंवा जुन्या दाबावर अडकून राहिलेला असतो. ती चावी सिलिंडरलाच साखळीने बांधलेली असावी, जोडणीच्या वॉशरमधून फुसफुस ऐकू येऊ नये आणि तिथे तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये, कारण दाबाखालील शुद्ध प्राणवायूत तेलकट पदार्थ सहज पेट घेतो.

प्राणवायूनंतर परिचारिका तातडीच्या औषधांच्या गाडीकडे वळते. अॅड्रेनालिन, अॅट्रोपिन, ग्लुकोज, दम्यासाठी वाफेतून देण्याचे सालब्युटामॉल, श्वासनलिकेत नळी घालताना लागणारा लॅरिंगोस्कोप, हाताने श्वास देण्याची अम्बू बॅग आणि घशातील स्राव ओढणारे सक्शन यंत्र या प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते, आणि धावपळीत नजर न वळवता हात तिथेच गेला पाहिजे, हा त्यामागील हेतू. लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून पाहावा लागतो, सक्शनच्या नळीवर अंगठा दाबून ओढ तपासावी लागते आणि अम्बू बॅग दाबून तिची झडप उघडते का ते पाहावे लागते. मुदत संपत आलेली औषधे पुढे आणि नवी मागे, ही मांडणी किरकोळ वाटली तरी कालबाह्य इंजेक्शन हाती येण्याची शक्यता तीच कमी करते.

सर्पदंशाची तयारी या पट्ट्यासाठी विशेष महत्त्वाची आहे, कारण पावसाळ्यात आसपासच्या खेड्यांतून असे रुग्ण येत राहतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर चालणारी एकत्रित प्रतिविष लस भारतात वापरली जाते आणि मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव तिच्या निर्मितीशी जोडलेले आहे. विषबाधेची लक्षणे दिसणाऱ्या रुग्णाला पहिल्या मात्रेतच साधारण 8 ते 10 कुप्या द्याव्या लागतात. म्हणजे कपाटात तीन कुप्या असणे आणि साठा नसणे यांत रुग्णाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. साठा मोजायचा तो कुप्यांच्या संख्येने नव्हे, तर किती रुग्णांना पुरेल यावर. लस दिल्यावर तीव्र अॅलर्जी उद्भवू शकते, म्हणून अॅड्रेनालिन भरलेली सिरिंज आधीच जवळ ठेवली जाते. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची शक्ती नष्ट होते. ती ओळखण्यासाठी थोडे रक्त काचेच्या परीक्षानळीत वीस मिनिटे न हलवता ठेवून नंतर नळी कलती करतात आणि रक्त वाहत राहिले तर विषाचा परिणाम झाला असे समजतात. ही नळी काचेची, कोरडी आणि स्वच्छ असावी लागते. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी वापरली तर निष्कर्ष चुकू शकतो. अशा दोन-तीन नव्या नळ्या नेहमी गाडीच्या खणात असणे ही बिनखर्चाची, पण निर्णायक तयारी आहे.

श्वानदंशाच्या लसीची काळजी वेगळ्या प्रकारची आहे. ती 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानातच टिकते. म्हणून फ्रीजमध्ये तापमापी ठेवून सकाळ-संध्याकाळ नोंद केली जाते, आणि वीज गेली होती का, किती वेळ गेली होती, याची विचारणा त्याच वेळी होते. त्या फ्रीजमध्ये डबे किंवा पाण्याच्या बाटल्या ठेवू नयेत, कारण वारंवार उघडल्या जाणाऱ्या दारातून थंडावा निघून जातो. परंतु लसीइतकेच महत्त्व नळाच्या पाण्याला आणि साबणाला आहे. चावलेली जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे हा रेबीज रोखण्याचा पहिला उपाय आहे, आणि आम्ल किंवा अल्कलीने भाजलेल्या त्वचेवरही पहिले औषध म्हणजे भरपूर वाहते पाणीच. म्हणून टाकीत पाणी आहे का, नळाला धार आहे का आणि डोळे धुण्यासाठी सलाईनची बाटली हाताशी आहे का, हे तीन प्रश्न उद्योगांच्या शेजारी असलेल्या दवाखान्यात कोणत्याही महागड्या यंत्राच्या तपासणीइतके मोलाचे आहेत.

यानंतर संसर्ग रोखण्याचे काम येते, आणि ते मुख्यतः सफाई कर्मचारी व कक्षसेवक यांच्या हातून होते. सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण रोज ताजे करावे लागते, कारण त्यातील क्लोरीन उडून जातो. 5 टक्क्यांच्या एका भागात चार भाग पाणी मिसळले की 1 टक्क्याचे द्रावण तयार होते. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालील वाफेने 121 अंशांवर उपकरणे निर्जंतुक होतात, पण गठ्ठ्यावरची पट्टी काळी पडली म्हणजे आतील सूक्ष्मजंतू मेलेच असे ठरत नाही. त्यासाठी ठरावीक काळाने बीजाणूंची चाचणी करावी लागते. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात आणि काच निळ्या डब्यात जाते. सुयांचा डबा तीन चतुर्थांश भरला की बदलावा, हा नियम पाळला गेला नाही तर सुई टोचते ती बहुधा तो डबा उचलणाऱ्या कामगाराच्या बोटाला.

तयारीचा शेवटचा भाग दवाखान्याच्या भिंतीबाहेर पसरतो. सर्वच उपचार एका ठिकाणी शक्य नसल्याने बदलापूरचा रुग्ण उल्हासनगरला, तिथून कळव्याला आणि कधी थेट मुंबईला पाठवावा लागतो. राज्यात 2014 मध्ये 937 रुग्णवाहिकांनिशी सुरू झालेली 108 ही सेवा त्यासाठी आहे, तरी पुढच्या रुग्णालयाला आधी दूरध्वनी करून जागा आणि तज्ज्ञ आहेत का हे विचारणे ही पाठवणाऱ्याची जबाबदारी असते. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली, त्या दिवसाने हे दाखवून दिले की रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद होऊ शकतात. म्हणून पावसाळ्यात रुग्ण काही तास जागीच सांभाळता येईल इतकी शिदोरी प्रत्येक दवाखान्याजवळ असायला हवी. आगीची तपासणीही याच यादीत येते. 9 जानेवारी 2021 रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके दगावली. बाहेर पडण्याच्या वाटेवर खाट किंवा खोकी ठेवलेली नाहीत ना, हे रोज पाहण्यास पैसा लागत नाही.

ही सर्व कामे नोंदवहीत उतरतात, आणि नोंदवहीचे मोल तिच्यातील नकारावर ठरते. महिनाभर प्रत्येक रकान्यात एकसारखी बरोबरची खूण असेल, तर पाहणी झाली नाही असेच बहुधा समजावे. ‘सक्शन चालत नाही, सकाळी सव्वाआठला कळवले’ अशी एखादी ओळ सापडली, तर त्या विभागात कोणी डोळे उघडे ठेवून काम करते असा भरवसा वाटतो. अशी ओळ लिहिणाऱ्या परिचारिकेला तिच्याच चुकीचा जाब विचारला गेला, तर पुढच्या वेळी ती खूण करून मोकळी होईल. आणि दोष दाखवल्यावर त्याच दिवशी दुरुस्ती झाली, तर ती पुन्हा लिहील.

यावरून पुढची मागणी सरळ निघते. पाळी सुरू होण्यापूर्वीचा अर्धा तास हा कर्तव्याचा, म्हणून पगाराचा वेळ मानला जावा. त्या वेळेत परिचारिकेच्या हाती केसपेपर किंवा इतर कारकुनी काम देऊ नये. आणि सफाई कर्मचारी, कक्षसेवक व परिचारिका यांनी ती पाहणी एकत्र करावी. अंबरनाथला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने या पट्ट्यात आता डॉक्टरही घडू लागले आहेत. त्यांच्या शिक्षणात पहिल्या वर्षापासून हा अर्धा तास असावा, म्हणजे सिलिंडरची झडप उघडून काटा वाचणे हे कोणा एकाचे हलके काम न राहता वैद्यकीय कौशल्य ठरेल. नवी इमारत, नवे यंत्र आणि नवी पदे मिळवण्यासाठी शासनाकडे पाठपुरावा करावाच लागेल, परंतु आज जे हाताशी आहे ते रुग्ण येईल त्या क्षणी चालेल याची खातरजमा करणे कोणत्याही मंजुरीवर अवलंबून नाही, आणि ती खातरजमा करणाऱ्या माणसांना वेळ व मान देणे हे प्रत्येक रुग्णालयाच्या प्रमुखाला उद्याच्या पाळीपासून करता येण्यासारखे आहे.