जाळी : खोडदची आणि ओव्हनची

पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगावजवळ, खोडद येथे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या तीस तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. या तबकड्या सलग पत्र्याच्या नाहीत, तर बारीक तारांच्या जाळीच्या आहेत. जाळीची भोके मध्यभागी १० मिलिमीटर, तर कडेला २० मिलिमीटर आहेत. मग या भोकांतून आकाशातील लहरी निसटून जात नाहीत का?

नाही. दुर्बिणीपर्यंत येणाऱ्या लहरींची तरंगलांबी सुमारे २१ सेंटिमीटर ते काही मीटर असते. तरंगलांबीच्या मानाने भोक फार लहान असेल, तर लहरीच्या दृष्टीने जाळी आणि पत्रा सारखेच! वारा मात्र जाळीतून आरपार जातो.

हेच तत्त्व मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारात वापरलेले असते. ओव्हनमधील लहरींची वारंवारता २४५० मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर. दाराच्या जाळीची भोके एक-दोन मिलिमीटरची. त्यामुळे लहरी आतच राहतात. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असल्याने आतले अन्न आपल्याला दिसते. दार उघडताच लहरी निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन बंद पडतो. तरीही ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीला मिळणाऱ्या काही गूढ संकेतांचे मूळ २०१५ मध्ये सापडले, ते चालू ओव्हनचे दार मध्येच उघडण्यात! तो क्षणिक संकेत माणसाला अपायकारक नव्हता. दुर्बीणच अतिशय संवेदनशील होती. दार वाकले असेल, नीट लागत नसेल किंवा जाळी फाटली असेल, तर मात्र ओव्हन वापरू नये.

या लहरींमुळे अन्न किरणोत्सारी होत नाही. पाण्याच्या रेणूंची हालचाल वाढून ते तापते, इतकेच. खरे धोके वेगळेच आहेत.

पहिला धोका असमान तापण्याचा. भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात. त्यामुळे काही जागी तीव्रता जास्त, तर काही जागी जवळजवळ शून्य होते. तबकडी न फिरवता पापड भाजला तर तो कुठे फुलतो, कुठे कच्चा राहतो. बाळाच्या दुधाची बाटली बाहेरून कोमट लागली तरी आतले दूध काही जागी पोळण्याइतके गरम असू शकते. म्हणून बाळाचे दूध ओव्हनमध्ये तापवूच नये. इतर अन्न मधेच ढवळावे आणि दोन मिनिटे ठेवून मग वाढावे.

दुसरा धोका शांत दिसणाऱ्या पाण्याचा. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळते. पण गुळगुळीत, स्वच्छ कपात बुडबुडे तयार व्हायला जागा मिळत नाही. पाणी न उकळता त्याहून जास्त तापते, आणि कॉफीची पूड पडताच एकदम उसळून हात भाजतो. कपात आधीच लाकडी चमचा ठेवावा, पाणी गरजेपुरतेच तापवावे आणि अर्धा मिनिट थांबून कप उचलावा.

कवचातील अंडे आणि घट्ट झाकणाचा डबा यांत वाफ कोंडून स्फोट होतो. पातळ धातूच्या टोकांवर ठिणग्या उडतात. जरीकाठाची चिनीमातीची बशीही म्हणून टाळावी. ओव्हन रिकामा चालवू नये.

आणि दुरुस्ती घरी करू नये. ओव्हनच्या आतील धारित्रात प्लग काढल्यावरही प्राणघातक विद्युतभार शिल्लक राहू शकतो. जाळी आपल्याला लहरींपासून वाचवते; या विजेपासून वाचण्यासाठी ओव्हनचे कवच न उघडणे हाच उपाय.