होतकरू दिग्दर्शक व नृत्यरचनाकार : शिक्षणाच्या आणि उमेदवारीच्या वाटा

गेल्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमानंतर वस्तीतील बी.कॉम.ला असलेली एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली. तीन वर्षे लहान मुलींची समूहनृत्ये तीच बसवते. तिने विचारले, "काका, नाच बसवायचं काही शिक्षण असतं का हो? की नुसतं आपलं आपणच?" आम्ही उत्तर देण्याआधीच तिची आई म्हणाली, "नाच बसवून पोट भरतं का, ते आधी विचार." दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दोघींनाही त्या वेळी आम्ही नीट उत्तर देऊ शकलो नाही. म्हणून प्रस्तुत लेखाचा हा प्रपंच.

बसवणाऱ्याचे काम

नाटकात काम करणारा नट लोकांना दिसतो. नाटक बसवणारा विंगेत उभा असतो. संहिता वाचून तिचा अर्थ लावणे, पात्रांची निवड, रंगमंचावरील हालचाली, प्रसंगांची गती, नेपथ्य, प्रकाश व संगीत यांचा मेळ घालणे, हे सारे दिग्दर्शकाचे काम. नृत्यरचनाकाराचे कामही असेच आहे. उत्तम नाचता येणे वेगळे आणि दहा जणांची शरीरे जागेत व तालात अशी मांडणे की पाहणाऱ्याला त्यातून काही कळावे, हे वेगळे. पहिले अंगात असू शकते, दुसरे शिकावे लागते.

ही दोन कामे एकमेकांच्या किती जवळ आहेत याचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल'. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने ते रंगमंचावर आणले. दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. त्या नाटकात ओळीने उभ्या राहणाऱ्या, गात डुलणाऱ्या माणसांचीच भिंत होते आणि तीच माणसे क्षणात पांगून वेगळे दृश्य उभे करतात. या मानवी पडद्यात दिग्दर्शन कोठे संपते आणि नृत्यरचना कोठे सुरू होते, हे सांगणे अवघड आहे.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. डॉ. जब्बार पटेल व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ. पुढे थिएटर ॲकॅडमीत त्यांचे सहकारी असलेले डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, तर सतीश आळेकर हे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात नोकरीस होते. म्हणजे पोटाचा उद्योग सांभाळून या मंडळींनी रंगभूमीवर मोलाचे काम केले. नोकरी की नाटक, असा एकच प्रश्न मुलांपुढे टाकून त्यांना कोंडीत पकडण्याचे कारण नाही.

स्पर्धा : पहिली पायरी

महाराष्ट्रात होतकरू दिग्दर्शकाला पहिली संधी देते ती स्पर्धा. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. राज्य शासनाची मराठी नाट्य स्पर्धा तर १९५४ पासूनची. सांस्कृतिक कार्य संचालनालयातर्फे होणाऱ्या या स्पर्धेत प्राथमिक फेरी निरनिराळ्या केंद्रांवर व त्यानंतर अंतिम फेरी होते आणि दिग्दर्शनाला स्वतंत्र पारितोषिक असते. प्रवेशिका मात्र संस्थेच्या नावाने भरावी लागते. एकटा मुलगा कितीही गुणी असला तरी पाठीशी संस्था हवी.

परंतु स्पर्धा हे शिक्षण नव्हे. महाविद्यालय सुटले की एकांकिकाही सुटते, आणि बाविसाव्या वर्षी थांबलेला मुलगा पुन्हा रंगमंचाकडे फिरकत नाही. खरी गळती येथे होते. ती थांबवायची तर पुढच्या पायऱ्या ठाऊक हव्यात.

रीतसर शिक्षण

नवी दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली संगीत नाटक अकादमीच्या अंतर्गत सुरू झाले आणि १९७५ मध्ये स्वायत्त झाले. इब्राहिम अल्काझी यांनी १९६२ ते १९७७ या काळात त्याला शिस्त व आकार दिला. तेथील तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी सर्वांना सर्व अंगे शिकवतात. पुढे अभिनय, दिग्दर्शन व रंगतंत्र अशी निवड असते. विद्यार्थ्यांना मासिक छात्रवृत्ती मिळते, हे गरीब घरच्या मुलांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. प्रवेशासाठी पदवी, नाटकांत काम केल्याचा अनुभव आणि हिंदी-इंग्रजीचे कामापुरते ज्ञान लागते. आधी प्राथमिक चाचणी व नंतर दिल्लीत काही दिवसांचे निवड शिबिर होते. बीड जिल्ह्यातून आलेले प्रा. वामन केंद्रे याच विद्यालयात शिकले. उत्तम बंडू तुपे यांच्या कादंबरीवरील 'झुलवा' हे नाटक त्यांनी गाजवले आणि २०१३ साली ते त्याच विद्यालयाचे संचालक झाले. खेड्यातला मुलगा तेथे पोहोचू शकतो, हे यावरून दिसते.

दिल्ली ज्यांना दूर वाटते त्यांच्यासाठी महाराष्ट्रातही सोय आहे. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात (स्थापना १९८७) नाट्य, नृत्य व संगीत या तिन्ही विषयांचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण मिळते. मुंबई विद्यापीठाची ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ मध्ये सुरू झाली. तेथे दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील नाट्यशास्त्र विभागाने मराठवाड्यातील अनेकांना वाट दाखवली.

नृत्यासाठी मुंबईत डॉ. कनक रेळे यांनी स्थापलेले नालंदा नृत्यकला महाविद्यालय आहे. पुण्यात पं. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये सुरू केलेल्या नृत्यभारतीने कथकच्या पिढ्या घडवल्या. गावोगावी शिकणाऱ्यांसाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या कथक व भरतनाट्यमच्या परीक्षा असतात. नोकरी वा अन्य शिक्षण सांभाळून त्या विशारद व अलंकारपर्यंत देता येतात.

नृत्यरचनेच्या शिक्षणातून माणूस कोठे जाऊ शकतो याचा एक जुना दाखला देतो. उदय शंकर यांचे अल्मोड्याचे कलाकेंद्र पैशाअभावी १९४४ मध्ये बंद पडले. तेथे शिकलेला एक तरुण त्याच सुमारास पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाला. 'हम एक हैं' (१९४६) या चित्रपटाची नृत्ये त्याने बसवली आणि १९५१ मध्ये 'बाजी'चे दिग्दर्शन केले. तो तरुण म्हणजे गुरुदत्त. केंद्र थोडी वर्षे चालले, पण तेथील शिक्षण वाया गेले नाही.

शिष्यवृत्त्या व साहाय्य

केंद्र शासनाच्या संस्कृती मंत्रालयाच्या योजना आपल्या मुलांना बहुधा ठाऊकच नसतात. १८ ते २५ वयाच्या युवा कलाकारांना दोन वर्षे दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती असते. तीत नृत्य व नाट्य दोन्ही येतात. मात्र गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. २५ ते ४० वयोगटासाठी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा १०,००० रुपये व त्यापुढील वयासाठी वरिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा २०,००० रुपये, दोन्ही दोन वर्षांकरिता. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही १९९३ साली स्थापन झालेली संस्था कलाविषयक प्रकल्पांना अनुदान देते. संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार २००६ पासून चाळीस वर्षांपर्यंतच्या कलावंतांसाठी आहे.

योजना कायम राहतातच असे नाही. संगीत नाटक अकादमीने १९८४ मध्ये तरुण रंगकर्मींना साहाय्य देणारी योजना काढली होती, तिच्यातून देशभर विभागीय महोत्सव झाले. पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने नाटककारांसाठी व गावोगावच्या नाट्यसंस्थांसाठी उपक्रम राबवले. दोन्ही काही वर्षांनी संपले. ज्यांनी वेळेत अर्ज केले त्यांना लाभ झाला. म्हणून दरवर्षीची जाहिरात पाहावी, वयाची अट वाचावी आणि पुढच्या वर्षी बघू असे म्हणू नये.

उमेदवारी

शाळा संपली तरी शिकणे संपत नाही. चांगल्या दिग्दर्शकाकडे साहाय्यक म्हणून राहावे. तालमीची वही ठेवणे, कोणता नट कोणत्या वाक्यावर कोठे उभा आहे याची नोंद घेणे, प्रकाशयोजनेचे इशारे लिहिणे ही कामे क्षुल्लक वाटतात, पण दिग्दर्शन तेथेच कळते. नृत्यरचना करणाऱ्याने आपली रचना कागदावर आकृत्यांनी मांडावी व तिचे चित्रण करून ठेवावे.

कागद

आता आमची हकिकत सांगतो. आम्ही कला शाखेचे पदवीधर. महाविद्यालयात चार एकांकिका बसवल्या, पुढे एका हौशी संस्थेत दोन नाटके केली. २००४ साली एका नाट्यशिक्षण संस्थेचा अर्ज आणला. केलेल्या नाटकांचे पुरावे जोडायचे होते. आमच्या हौशी संस्थेकडे गेलो, तर पदाधिकारी म्हणाले, "जुने कागद आम्ही ठेवत नाही." हस्तपत्रिकेवर आमचे नाव छापलेले नव्हते. फोटोंत नट होते, आम्ही नव्हतो, कारण आम्ही विंगेत होतो. अर्जाची मुदत टळून गेली. त्याच वर्षी बँकेत कारकुनाची नोकरी लागली. नोकरीने घर उभे केले, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण काउंटरवर बसून दिवसभर लोकांना "कागद आणा" असे सांगताना तो अर्ज अधूनमधून आठवतो.

म्हणून विद्यार्थ्यांना सांगणे आहे की, आजच एक फाइल करा. प्रत्येक प्रयोगाची तारीख, ठिकाण व हस्तपत्रिका, स्पर्धेचे प्रमाणपत्र, गुरूंचे पत्र, वर्तमानपत्रातील कात्रण हे सर्व क्रमाने लावा. जन्मतारखेचा दाखला, जातीचा दाखला व गुणपत्रिका यांच्या प्रती त्यातच असू द्या. गुण असूनही केवळ कागदाअभावी कोणी मागे राहू नये.

संस्थेकडून अपेक्षा

आपल्या संस्थेलाही दोन-तीन सूचना कराव्याशा वाटतात. जयंतीच्या व वर्धापनदिनाच्या पत्रिकेवर कलाकारांबरोबर एकांकिका व नृत्य बसवणाऱ्याचे नाव छापावे आणि त्याला सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र द्यावे. सभागृह रिकामे असेल त्या संध्याकाळी तालमीस द्यावे. राज्य नाट्य स्पर्धेची प्रवेशिका संस्थेच्या नावाने भरावी. दिल्ली-पुण्याला चाचणीस जाणाऱ्या मुलाच्या रेल्वे तिकिटापुरती तरतूद शिक्षण निधीतून व्हावी. यात फार खर्च नाही.

त्या मुलीच्या आईला आता आमचे उत्तर असे : पोट नाचावर लगेच भरेलच असे नाही, म्हणून बी.कॉम. पूर्ण करू द्या. पण नाच बसवण्याचे शिक्षण असते, त्याच्या परीक्षा असतात, शिष्यवृत्त्या असतात आणि त्यांना वयाची अट असते. मुलगी आज वीस वर्षांची आहे, तेव्हा उशीर नको. यंदा तिने गांधर्वच्या परीक्षेसाठी वर्गात नाव घातले आहे. या वर्षीच्या आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर समूहनृत्याखाली तिचे नाव छापून यावे, एवढी विनंती कार्यकारिणीला करून हा लेख पुरा करतो.