डॉक्टरच थकला तर?

वणीच्या सरकारी रुग्णालयातून गंभीर रुग्णाला ‘रेफर’ केले, की रुग्णवाहिका चंद्रपूर, यवतमाळ किंवा नागपूरची वाट धरते. यवतमाळ तर शंभर किलोमीटरहून दूर. तेथील वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असो वा नागपूरच्या ‘मेडिकल’मध्ये, मध्यरात्री रुग्णाला आधी तपासतो तो बहुधा निवासी डॉक्टर. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचे एमडी किंवा एमएसचे शिक्षण घेणारी ही पंचविशी-तिशीतली मुले. करोनाच्या साथीत सरकारी रुग्णालयांचा मोठा भार त्यांच्याच खांद्यावर होता.

फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची चाहूल विदर्भात आधी लागली. अमरावती, अकोल्यासह यवतमाळ जिल्ह्यातही निर्बंध आले. त्याच वर्षी १८ एप्रिलची ‘नीट-पीजी’ परीक्षा पुढे ढकलली गेली. ती झाली ११ सप्टेंबरला आणि प्रवेशप्रक्रिया सुरू व्हायला जानेवारी २०२२ उजाडला. परिणामी, देशभरात पहिल्या वर्षाची नवी तुकडी कित्येक महिने आलीच नाही. तीन तुकड्यांचे काम दोन तुकड्यांवर पडले.

काम वाढले एवढेच नाही, त्याचे स्वरूपही बदलले. पीपीई किट घातले की तासन् तास पाणी नाही, लघवीला जाणे नाही. नातेवाइकांना वॉर्डात प्रवेश नसल्याने मृत्यूची बातमी फोनवरून सांगायची. खाट एक आणि रुग्ण चार, अशा वेळी निवड करायची. योग्य काय ते कळत असूनही करता न आल्याची बोच मनात राहते. मानसशास्त्रात याला ‘नैतिक जखम’ म्हणतात. घरी संसर्ग जाईल या भीतीने अनेक जण महिनोन् महिने गावी गेले नाहीत.

सततच्या ताणातून येणाऱ्या अवस्थेला ‘बर्नआउट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची तीन लक्षणे सांगितली आहेत: शक्ती संपल्यासारखा थकवा, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. कामाच्या ठिकाणचा ताण वेळीच न आवरल्याचा तो परिणाम आहे.

त्याचा फटका रुग्णालाही बसतो. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची एकाग्रता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, असे १९९७ मधील प्रयोगात दिसले होते. निवासी डॉक्टरची ड्युटी चोवीस तासांच्याही पुढे जाते, तेव्हा औषधाची मात्रा लिहिणारा हात किती सावध असेल?

नियम कागदावर आहेत. निवासी डॉक्टरांना सलग बारा तासांहून अधिक काम देऊ नये, असे केंद्राने १९९२ मध्येच सांगितले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची मर्यादा, एक सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप सुचवली. साथ ओसरली तरी कामाच्या तासांची तक्रार कायम आहे. ‘मार्ड’ ही निवासी डॉक्टरांची संघटना त्यासाठी वेळोवेळी आंदोलन करते.

डॉक्टरांमध्येही मदत मागण्याचा संकोच मोठा. ‘मानसोपचार घेतो म्हटले तर सर काय म्हणतील?’ या धास्तीने अनेक जण गप्प राहतात. झोप उडणे, सतत चिडचिड, रडू येणे, जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे दिसली, तर सहकाऱ्यांनी आणि घरच्यांनी थेट विचारावे. विचारल्याने आत्महत्येचा विचार बळावत नाही. उलट बोलायला वाट मिळते. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो, तो डॉक्टरांसाठीही आहे.

रुग्णवाहिकेतून उतरणारे नातेवाईक घाबरलेले असतात. समोरचा डॉक्टर कदाचित दोन दिवस झोपलेला नसतो. आवाज चढण्याआधी दोघांनीही हे आठवावे. मात्र डॉक्टरला पुरेशी झोप मिळेल, इतके मनुष्यबळ देणे हे शासनाचेच काम आहे.