आठ किलोंचा लॅपटॉप

गिरगावातील आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात नवी वस्तू आली की पहिला प्रश्न किमतीचा नसतो; ती ठेवायची कुठे, हा असतो. लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावरून, मी एक जुना लॅपटॉप घरी आणला तेव्हा सौभाग्यवतींनी तोच प्रश्न केला. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

यंत्र होते डेल कंपनीचे ‘एक्सपीएस एम २०१०’, सन २००६ मधील. लॅपटॉप म्हणजे मांडीवर घेण्याचा संगणक. परंतु याचे वजन आठ किलोंहून अधिक! पडदा २०.१ इंचांचा. मिटल्यावर मूठ धरून ब्रीफकेसप्रमाणे उचलावा लागतो. कीबोर्ड सुटा करून ब्लूटूथच्या आधारे दूर बसून वापरता येतो. ध्वनीसाठी आठ स्पीकर आणि शिवाय तळाशी सबवूफर. त्या काळी सपाट पडद्याचे दूरदर्शन संच महाग होते. संगणक, चित्रपट आणि संगीत यांची सोय एकाच यंत्रात करावी, असा कंपन्यांचा विचार होता. पुढच्याच वर्षी एचपीनेही २०.१ इंचांचा ‘एचडीएक्स’ आणला. परंतु सपाट दूरदर्शन संच लवकरच स्वस्त झाले, मोबाइल हाती आले आणि ही अवाढव्य जात लोप पावली.

मी बँकेत रुजू झालो तेव्हा जाडजूड लेजरांचा काळ होता. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर शाखांत लेजर पोस्टिंग यंत्रे आली. यंत्रे आली, जुनी झाली, एके दिवशी ट्रकमध्ये भरून गेली. एकही कोणी जपून ठेवले नाही. ती रुखरुख मनात होती. म्हणूनच बहुधा हे यंत्र दिसताच माझे पाय दुकानात थबकले.

आपल्या घरांत परिग्रह-परिमाणाचा संस्कार लहानपणापासून असतो. संग्राहकाला तो अडचणीचा वाटतो, हे मी प्रांजळपणे मान्य करतो. स्वतःशी इतकेच ठरवले, की यंत्र एकच राहील, आणि ते कामास येईल.

काम लवकरच मिळाले. कपाटात आईच्या आवाजाच्या तीन सीडी होत्या. २००५ साली भाच्याने तिच्याकडून नात्यातील माणसांची, गावांची आणि सणांच्या पदार्थांची माहिती बोलती करून घेतली होती. आई २०११ साली गेली. घरातील नव्या लॅपटॉपांना सीडी घालण्याची सोयच नाही, त्यामुळे अनेक वर्षे तो आवाज कोणी ऐकला नव्हता. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने यंत्रातील धूळ काढली, पंखा साफ केला, प्रोसेसरवरील वाळलेला थर्मल पेस्ट बदलला. रविवारी सीडी घातली. पहिली लागली, दुसरी अडखळत लागली. तिसरी लागलीच नाही. तिच्यावर काय होते, हे आता कधीही कळणार नाही. दुसऱ्या सीडीवर आई म्हणत होती, “अरे, पुरणात जायफळ शेवटी घाला.” सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. त्या दिवसानंतर यंत्र ठेवण्याच्या जागेची चर्चा घरात झाली नाही.

माझ्यासारखा नाद ज्यांना असेल, त्यांना दोन शब्द. बॅटरी फुगलेली दिसली तर यंत्र सुरू करू नये, बॅटरी दाबू वा टोचू नये. ती जाणकाराकडून काढून घेऊन ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी. विंडोज एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर सुरक्षेचे अद्ययावतीकरण नाही. असे यंत्र इंटरनेटला जोडू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे: घरातील सीडी, कॅसेट आजच काढून त्यांची प्रत करून ठेवावी. यंत्र पुन्हा मिळेल, आवाज मिळणार नाही.

गेल्या महिन्यात त्याच दुकानदाराचा फोन आला, “साहेब, तो एचपीचा मोठा आला आहे, बघायला या.” मी गेलो, पाहिला, पाच मिनिटे त्यापाशी उभा राहिलो, आणि चर्नी रोडपर्यंत रिकाम्या हातांनी चालत आलो.