नोंद कोणाच्या हाती?

गावशिवेचा तंटा उभा राहिला की पूर्वी महाराची साक्ष मोलाची मानली जाई. कोणता धोंडा हद्दीचा, कोणता ओढा कोणत्या शिवारातला, हे त्यास तोंडपाठ असे. मात्र गावची लेखी नोंद राही कुलकर्ण्याच्या दप्तरात. माहिती एकाकडे आणि दप्तर दुसऱ्याकडे, अशी ही रचना होती. बारामती-इंदापूरच्या आजच्या अर्थकारणाकडे पाहताना आम्हांस हा इतिहास आठवतो.

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर या दोन तालुक्यांत ऊस वाढला, साखर कारखाने उभे राहिले. त्याच शिवारात आता नवे दप्तर तयार होत आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला आहे. जमिनीत बसवलेली उपकरणे ओलावा मोजतात, हवामान केंद्र तापमान व पाऊस नोंदवते, उपग्रहाची छायाचित्रे पिकाची वाढ दाखवतात. त्यावरून पाणी केव्हा व खत किती द्यावे, याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतो. या साठवलेल्या नोंदींनाच आज डेटा म्हणतात.

परंतु उपकरण योग्य जागी रोवले आहे काय, मातीचा नमुना बांधालगतचा तर नाही ना, हे शेतात उभा असलेला माणूसच सांगू शकतो. मूळ नोंद चुकली की सल्लाही चुकतो. म्हणून उद्याच्या कामगारास तीन कौशल्ये हवीत : अचूक नोंद करणे, नोंदीचा अर्थ लावणे आणि नोंदीला प्रश्न विचारणे. पहिली दोन संगणकाच्या वर्गात शिकता येतात. तिसऱ्यासाठी विचाराची सवय लागते.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, पाच कुटुंबांकडे अनुक्रमे १, १, २, २ आणि १४ एकर जमीन आहे. सरासरी निघते ४ एकर. प्रत्यक्षात ४ एकर जमीन एकाही कुटुंबाकडे नाही, आणि चार कुटुंबे तर तिच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही कमी जमिनीवर जगत आहेत. केवळ सरासरी पाहून योजना आखली, तर ही चार कुटुंबे कागदावर दिसतच नाहीत.

आकड्यांना प्रश्न विचारण्याचा वस्तुपाठ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींवरील आपल्या निबंधात घालून दिला. आपल्याच पुणे जिल्ह्यातील पिंपळे सौदागर गावाची पाहणी डॉ. हॅरॉल्ड मान यांनी केली होती. तेथील सरासरी धारणक्षेत्र १७७१ मधील ४० एकरांवरून १९१५ पर्यंत ७ एकरांवर आले होते. बाबासाहेबांनी या पाहणीची दखल घेतली. पण धारणक्षेत्र लहान की मोठे हे केवळ एकरांवरून ठरत नाही, त्यावर लावलेले भांडवल, अवजारे व श्रम पाहावे लागतात, असे दाखवून दिले. शेतीवरील अतिरिक्त मनुष्यबळास उद्योगांत काम मिळावे, हा त्यांचा उपाय होता. आजच्या उद्योगांतील अशा कामांसाठी नोंदी हाताळण्याचे कौशल्य लागते.

यास्तव आमची विनंती आहे. आठवीपासूनच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाऊस आणि विहिरीची पाणीपातळी यांची वही ठेवावी व वर्षअखेरीस त्यातून स्वतः निष्कर्ष काढावा. कारखाने, दूध संकलन केंद्रे, बँका व औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक शनिवार येऊन आपल्या कामातील तक्ते वाचायला शिकवावे. पालकांनीही मोबाईलवर माहिती देण्यापूर्वी ती कोण घेतो आणि कशासाठी, हे विचारावे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने संमतीचे तत्त्व मान्य केले आहे.

आमच्या पूर्वजांना शिवार ठाऊक होते, दप्तर मात्र त्यांच्या हाती नव्हते. आमच्या मुलामुलींना दोन्ही मिळावीत, यासाठी ही वही आजच उघडली पाहिजे.