आयडल लावायचे पैसे मागायला लाजू नका

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक नव्या दुचाकी इंजेक्शनवर गेल्या. कार्बोरेटर समजणारा मिस्त्री आता शोधावा लागतो. मग ज्याच्या हातात हे काम आहे, त्याने भाव का पाडायचा? आरएक्स १०० ला मोठा मिकुनी नाहीतर केहिन बसवणारा पोरगा पैसे देतो हो. सिग्नलला गाडी बंद पडायला नको, एवढंच त्याचं म्हणणं.

होतं काय, गाडी स्लोवर थांबत नाही म्हटलं की आयडल स्क्रू अर्धा आटा आत, रेस वाढली, चला! आठ दिवसांत गाडी परत, आणि दुसऱ्या वेळची मजुरी कोण देणार? आयडल स्क्रू फक्त स्लाइड उचलून धरतो. दुखणं मिश्रणात असतं.

आधी इंजिन पूर्ण गरम करा. हँडल दोन्हीकडे वळवून रेस वाढते का बघा; वाढली तर केबल ताणलीय. इनटेकच्या रबराला चीर असेल तर पुढचं सगळं वाया.

आता स्क्रू ओळखा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घेतला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, आत घेतला की कमी होतं. हलकेच टेकवा (आवळलात तर टोक गेलं), दीड आटा सोडा. मग पाव-पाव आटा फिरवत रेस सर्वात वर कुठे जाते ते ऐका. तिथे थांबून आयडल खाली घ्या, पुन्हा एकदा करा.

हवेच्या स्क्रूवर ही जागा साधारण एक ते दोन आट्यांत मिळते. अर्ध्याच्या आत मिळाली तर पायलट जेट लहान पडतोय, अडीचच्या पुढे गेली तर मोठा. पेट्रोलच्या स्क्रूला हेच उलटं. जेटचे चार-पाच नंबर दुकानात ठेवाच, विक्री तिथेच होते.

शेवटी रेस देऊन सोडा. रेस रेंगाळत उतरली तर पेट्रोल कमी किंवा हवा शिरतेय. टू-स्ट्रोकमध्ये हे सोडलंत तर उद्या पिस्टन जाम. आयडलच्या खाली बुडून सावरली तर पेट्रोल जास्त.

मजुरी वेळेवर लावा, जेट वेगळा. जॉब कार्डवर जेटचा नंबर आणि आटे लिहा. सायलेन्सर किंवा फिल्टर बदलला तर सेटिंग नव्याने आणि पैसेही नव्याने, हे गाडी ताब्यात देतानाच सांगा.